शब्द दिलाय, सही बाकी आहे

20 डिसेंबर 2023. फ्लोरिडातल्या जेरेमाया स्मिथ नावाच्या शाळकरी मुलानं सगळ्यांसमोर जाहीर केलं की, तो ओहायो स्टेट विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणार. तसा शब्द त्यानं वर्षभरापूर्वीच दिला होता. त्या वर्षी शाळा संपवणाऱ्या खेळाडूंमध्ये तो देशात सगळ्यात वरचा मानला जात होता. घोषणा झाली, पण सही केलेला कागद काही विद्यापीठात पोहोचेना. तिकडे त्याच्या घराजवळचं मायामी विद्यापीठ आशा लावून बसलेलं. कागद यायला संध्याकाळ उजाडली आणि तोवर ओहायोतल्या चाहत्यांचा जीव टांगणीला लागला होता. ज्याला त्यांनी आपल्या गणवेशात एकदाही पाहिलं नव्हतं, अशा मुलासाठी!

आपल्याकडे हा फुटबॉल फारसा कुणी पाहत नाही. पायानं खेळायचा तो हा नव्हे, चेंडू हातात धरून पळायचा तो अमेरिकन खेळ. तिथं विद्यापीठांच्या संघांचं वेड व्यावसायिक संघांइतकंच, काही गावांत त्याहून जास्त आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात 1,07,601 माणसं बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरला किंवा ओहायो स्टेटच्या कोलंबसला शिकायला गेलेली मराठी मुलं पहिल्याच वर्षी हे पाहून थक्क होतात, आणि पुढच्या वर्षी स्वतःच संघाच्या रंगाचा सदरा घालून शनिवारी मैदानाकडे निघतात.

या संघांसाठी मुलं शाळेतूनच हेरली जातात. त्यांना एक ते पाच तारे देणाऱ्या संस्था आहेत. पाच तारे देशभरातून दरवर्षी साधारण 30-32 मुलांनाच मिळतात. प्रशिक्षक घरी येतात, मुलगा विद्यापीठं पाहून येतो आणि एक दिवस सांगतो, मी तुमच्याकडे येणार. याला कायद्याचं कसलंही बंधन नाही. बंधन येतं ते सहीनं, आणि सहीचा मुख्य काळ 2017 पासून डिसेंबरात असतो. 1964 पासून चालत आलेलं सहीचं ठराविक पत्र 2024 मध्ये रद्द झालं आणि त्याच्या जागी आर्थिक मदतीचे करार आले, पण तोंडी शब्द आणि सही यांमधली पोकळी तशीच राहिली. शब्द काही वेळा दीड-दोन वर्षं आधी दिलेला असतो. मधल्या काळात मुलगा दुसरं विद्यापीठ नुसतं पाहून आला, तिथल्या टोपीत त्याचा एखादा फोटो दिसला, की पहिल्या विद्यापीठाचे चाहते हवालदिल होतात.

तो अजून गेलेला नसतो, जाईलच असंही नसतं. मग त्रास कशाचा होतो?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 जणांना संगणकावर दगड दाखवायचे आणि कोणत्या दगडाखाली साप आहे ते ओळखायला सांगायचं. साप निघाला की हाताला विजेचा खराखुरा, दुखणारा झटका. लोकांचा घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजून ताण किती आहे ते पाहिलं. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वाधिक असेल, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना ताण शिगेला पोहोचला. पुढचा अंदाज बांधता येत नाही ही स्थितीच शरीराला वाईट बातमीहून जड जाते. शब्द देऊन इतरत्र डोकावणारा खेळाडू चाहत्यांना नेमकं इथंच आणून उभं करतो. ‘जायचं तर जा एकदाचा’ असं चिडून लिहिणाऱ्याला खरोखरच त्यानं जावं असं वाटत नसतं. त्याला ही टांगती अवस्था संपवायची असते.

पण ताण यायला मुळात ती वस्तू आपली वाटावी लागते. मुलगा संघात आलेला नाही, त्यानं एक चेंडू झेललेला नाही, मग तो ‘आपला’ झाला कधी? डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये कॉफीच्या मगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना मग दिले आणि विकायचे तर किती घ्याल असं विचारलं. उरलेल्यांना किती द्याल असं विचारलं. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती, तरी विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर गेली. आपलं झालेलं हातचं सुटणं हे न मिळण्यापेक्षा फार जास्त बोचतं. ज्या मुलानं कधीच होकार दिला नाही तो दुसरीकडे गेला, तर चाहते दोन दिवसांत विसरतात. ज्यानं होकार दिला त्याला मात्र त्यांनी मनातल्या संघात जागा दिलेली असते. पुढच्या तीन मोसमांतले सामनेही मनात खेळून झालेले असतात.

मेंदूच्या आतला हिशेबही असाच चालतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की, या पेशी निव्वळ बक्षिसाला दाद देत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला देतात. बक्षीस म्हणून अपेक्षित असलेला फळाचा रस मिळाला तर काही विशेष नाही, अपेक्षित असून मिळाला नाही तर पेशींची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. माणसांच्या वागण्यात या फरकाची किंमत भीतीदायक असू शकते. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांकडच्या नोंदी ताडून पाहिल्या. जिंकणार असं धरून चाललेला स्थानिक संघ हरला, की घरात पुरुषांकडून बायकोवर किंवा जोडीदारणीवर होणाऱ्या हिंसेच्या नोंदी सुमारे 10 टक्क्यांनी वाढत होत्या. हार आधीच अपेक्षित असेल तर वाढ दिसत नव्हती. ‘खेळच तर आहे’ असं म्हणून हा विषय झटकून टाकणं मला म्हणूनच पटत नाही.

आता शब्द प्रत्यक्षात मोडतो तेव्हा काय होतं ते पाहू. देशातल्या वरच्या क्रमांकाच्या शाळकरी खेळाडूंपैकी एक असलेल्या ट्रॅव्हिस हंटरनं मार्च 2020 मध्ये फ्लोरिडा स्टेटला शब्द दिला होता आणि तो त्यावर जवळजवळ दोन वर्षं ठाम होता. 15 डिसेंबर 2021 ला, सहीच्या दिवशीच, त्यानं जॅक्सन स्टेट निवडलं. मिसिसिपीतलं हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ फुटबॉलच्या दुसऱ्या पातळीवर खेळत होतं. एवढ्या वरच्या क्रमांकाचा मुलगा तिथं जाईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिथला प्रशिक्षक होता डिऑन सँडर्स, फ्लोरिडा स्टेटचाच एके काळचा लाडका खेळाडू. टॅलाहासीतल्या, म्हणजे फ्लोरिडा स्टेटच्या गावातल्या, चाहत्यांना घाव दोन्हीकडून बसला.

हा घाव निव्वळ नुकसानीचा नसतो. तोच खेळाडू गुडघा दुखावल्यामुळे कायमचा बाहेर गेला असता तर संघाचं नुकसान तेवढंच झालं असतं, पण त्याच्यावर कुणी संतापलं नसतं. आयरिस बोनेट आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी 2004 मध्ये पैशांच्या खेळातून हा फरक मोजला. तोटा नशिबाच्या हाती असेल तर लोक जेवढा धोका पत्करायला तयार होते, तेवढा दुसऱ्या माणसाच्या भरवशावर पत्करायला तयार नव्हते. रक्कम तीच, तरी माणसाकडून फसवलं जाण्याची धास्ती वेगळी आणि मोठी निघाली.

त्यात फसवणारा आपल्यातला असेल तर राग आणखी चढतो. जोसे मार्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखवलं की, आपल्या गटातल्या वाईट वागणाऱ्याला आपण परक्या गटातल्या तशाच माणसापेक्षा कठोरपणे जोखतो. त्यांच्या भाषेत ही ‘काळी मेंढी’. ती आपल्या कळपाची अब्रू घालवते, म्हणून तिला बाहेर काढण्याची घाई. प्रतिस्पर्धी विद्यापीठात पहिल्यापासून जाणाऱ्या मुलाबद्दल चाहते कौतुकानंही बोलतात. आपल्याला शब्द देऊन तिथं गेलेल्याला मात्र माफी नाही.

हे ‘आपण’ किती पातळ आणि तरीही किती चिवट असतं, हे याच विद्यापीठांत तपासलं गेलंय. रॉबर्ट चाल्डिनी यांच्या 1976 च्या अभ्यासात सात विद्यापीठं होती आणि त्यांत ओहायो स्टेट, मिशिगन आणि लुइझियाना स्टेट होती. संघ शनिवारी जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसत. त्याच अभ्यासात फोनवर सामन्याचा निकाल विचारला, तर जिंकलेल्या सामन्याबद्दल विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणायचे आणि हरलेल्याबद्दल बोलताना ‘आम्ही’ गळून पडायचं. त्यांनी स्वतः काहीच खेळलेलं नव्हतं. संघाचा मान त्यांनी अंगावर घेतला होता. अशा माणसाला, पाच ताऱ्यांचा मुलगा आपल्याला सोडून दुसरीकडे पाहतो तेव्हा, आपलं गाव आणि आपलं विद्यापीठ कमी ठरवल्यासारखं वाटतं. आणि आपण स्वतःही.

मग बचाव सुरू होतो. ‘तो तेवढा चांगला नव्हताच.’ ‘आमच्या शिस्तीत बसला नसता.’ कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही मनाची जुनी युक्ती. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेल्या विचारविसंगतीच्या सिद्धान्तात ती चपखल बसते. दोन न जुळणाऱ्या गोष्टी मनात टोचत असतील तर त्यातली एक बदलायची. मुलगा परत आणता येत नाही, मत बदलता येतं. कालपर्यंत ज्याच्या झेलांच्या चित्रफिती लोक एकमेकांना पाठवत होते, त्याच चित्रफितीत आज दोष सापडतात.

आणि आपला संघ जेव्हा दुसऱ्याला शब्द दिलेला मुलगा फोडून आणतो? तेव्हा ती प्रशिक्षकाची हुशारी. लुइझियाना स्टेटला जानेवारी 2024 मध्ये शब्द दिलेला ब्राइस अंडरवुड नोव्हेंबरात मिशिगनकडे वळला. मिशिगन त्याच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. मोठ्या रकमेचीही खूप चर्चा झाली. अ‍ॅन आर्बरमध्ये ही घरवापसी होती, लुइझियाना स्टेटच्या बॅटन रूजमध्ये विकला गेल्याची कहाणी. 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात झालेल्या धसमुसळ्या सामन्याची फिल्म अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली होती. डार्टमथनं केलेल्या आगळिकी प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त दिसल्या. फिल्म तीच होती. ती मुलं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखर तसंच दिसलं होतं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते दोष कुणाच्या माथी जातो हे. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीत नाही. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी 1967 मध्ये हे दाखवलं: निबंधातली बाजू लेखकाला नेमून दिलेली होती हे ठाऊक असूनही वाचकांनी ती त्याचीच मतं धरली. शब्द फिरवणारा मुलगाही असाच ‘लोभी’ आणि ‘बेइमान’ ठरतो. त्याची परिस्थिती कुणी पाहत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये दोन प्रशिक्षकांनी विद्यापीठं बदलली: लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि ब्रायन केली नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटला. दोघांच्या भरवशावर मुलांनी शब्द दिले होते. रायली गेल्यावर ओक्लाहोमाला दिलेले काही शब्द भराभर मोडले. विद्यापीठंही जास्त चांगला मुलगा सापडला की आधीच्याला हळूच दूर करतात. हा व्यवहार मोठ्या माणसांनी उभा केला, त्यातले मोठे लाभही मोठ्यांनाच मिळत आले. जुलै 2021 पर्यंत तर खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवायलाही बंदी होती. या सगळ्या उलाढालीत शब्दाला जागायची जबाबदारी मात्र सतरा वर्षांच्या मुलावर.

सतराव्या वर्षी दूरचा विचार करणारा आणि आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पक्व झालेला नसतो. त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याच्या खेळातून पाहिलं की, बरोबरीचे मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटी असताना घेतात त्याहून कितीतरी जास्त धोका पत्करतात. प्रौढांवर हा परिणाम दिसला नाही. इथं बघणारे दोन-चार मित्र नसतात, दोन विद्यापीठांचे लाखो चाहते असतात, आणि ते थेट त्याच्या फोनवर लिहितात. त्यातही जळजळीत लिखाण पुढे सरकतं. ट्विटरवरच्या राजकीय वादांच्या 2017 मधल्या एका अभ्यासात नैतिक आणि भावनिक रंगाचा प्रत्येक जास्तीचा शब्द संदेशाचा प्रसार सुमारे 20 टक्क्यांनी वाढवत होता. ‘बरं झालं, शुभेच्छा’ असं लिहिणारे शेकडो असतीलही; मुलापर्यंत पोहोचतो तो शिव्या देणारा.

हे अमेरिकेपुरतं नाही, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. 2024 मध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार झाला तेव्हा वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली. 1 एप्रिलला नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणावं लागलं. अहमदाबादच्या प्रेक्षकांनीही, तो गुजरात सोडून गेला म्हणून, त्याला सोडलं नव्हतं. विश्वचषक जिंकून संघ 4 जुलैला त्याच वानखेडेवर आला तेव्हा गर्दी हार्दिकच्या नावाचा जयघोष करत होती. ‘आपण’ची रेघ मुंबईवरून भारतावर सरकली होती. मार्क लेव्हिन यांनी 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांवर हेच आजमावलं: आपल्या क्लबाचा विचार करून निघालेले चाहते पडलेल्या लिव्हरपूलवाल्याला क्वचितच उचलायला जात, पण आधी ‘फुटबॉलप्रेमी’ म्हणून बोलते केलेले त्यालाही हात देत.

रेघ सरकवता येते, म्हणजे ती सरकवायचा प्रयत्नही करता येईल. अमेरिकी विद्यापीठांचे नियमपालन विभाग चाहत्यांना वेळोवेळी बजावतात की, भरतीतल्या मुलांना समाजमाध्यमांवर संदेश पाठवू नका. कारण दिलं जातं स्पर्धेच्या नियमांचं: चाहत्यानं केलेला संपर्क नियमबाह्य भरती ठरू शकतो. नियम योग्यच आहे. पण त्या सूचनेत आणखी एक ओळ हवी असं मला फार वाटतं: हा मुलगा अजून शाळेत आहे, त्याची परीक्षा जवळ आली आहे, आणि तुमचा संदेश तो रात्री एकटा असताना वाचणार आहे.