मेल्यावर काय जातं? पीव्हीपीचं जुनं भांडण

गेल्या आठवड्यात ऐरोलीहून ठाण्याला येत होतो, बाजूला आमच्या टीममधला एक पोरगा फोनवर अल्बियन ऑनलाइन खेळत होता. दिघा गाव सोडलं आणि नेटवर्क गेलं, आणि परत आलं तोपर्यंत याचं कॅरॅक्टर ब्लॅक झोनमध्ये, म्हणजे जिथे कोणीही कोणाला मारून लुटू शकतं तिथे, मेलेलं, अंगावरचं चिलखत, बॅगेतलं सामान, सगळं कोणीतरी उचलून नेलेलं. "दादा, मी तिथे नव्हतोच ना! उभ्या माणसाला मारलं राव, ही काय पद्धत झाली?" ठाणे येईपर्यंत हेच चाललेलं. त्याला म्हटलं बाबा, हे भांडण तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं आहे, सगळं सांगायला ट्रेन पुरायची नाही, लिहून पाठवतो. तर हे ते.

लोक पीव्हीपीचा, म्हणजे गेममध्ये खेळाडूने खेळाडूला मारण्याचा, इतिहास म्हणजे कुठल्या गेममध्ये लढाई भारी होती याची यादी समजतात. मला विचाराल तर सगळा इतिहास दोन प्रश्नांचा आहे, समोरच्याची इच्छा नसताना त्याला मारता येतं का, आणि मेल्यावर त्याचं काय जातं. बाकी तलवारी-जादू वगैरे सजावट.

सुरुवात १९७८ ची, इंग्लंडात एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी मड नावाचा गेम बनवला, नुसती अक्षरं, चित्र एक नाही. त्यात खेळाडू खेळाडूला मारू शकायचा आणि लढाईत मेलात तर कॅरॅक्टर कायमचं डिलीट, कित्येक आठवड्यांची मेहनत एका फटक्यात साफ. याच बार्टलने पुढे १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले, कमावणारे, फिरणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे, आणि त्यातला मुद्दा आजही लागू आहे की मारणारे फार झाले तर गप्पा मारणारे पळून जातात.

मध्ये १९८६ चं हॅबिटॅट, लुकासफिल्म गेम्सचं, कमोडोर ६४ वर चालणारं. हा काही तलवारीवाला गेम नव्हे पण यातली गंमत सोडवत नाही. इथे मेलं की माणूस स्वतःचं डोकं हातात धरून घरी पोचायचा, खिसे रिकामे. लूटमार, खून इतके वाढले की एका खेळाडूने, जो खऱ्या आयुष्यात पाद्री होता, गेममध्ये चर्चच काढलं, ज्याच्या सभासदांनी शस्त्र हातात धरायचं नाही. खून हा गुन्हा मानायचा का यावर लोकांचं मत घेतलं तर अर्धे हो अर्धे नाही, मग तडजोड काय, गावात मारामारी बंद, गावाबाहेर ज्याचं त्याने बघावं. आजच्या सगळ्या सेफ झोनची कल्पना तिथलीच धरा.

मग १९९६ ला मेरिडियन ५९ आणि सप्टेंबर १९९७ ला अल्टिमा ऑनलाइन. खरी जत्रा इथे भरली. गेम बाहेर येण्याआधीच, ऑगस्टमधल्या टेस्टिंगमध्ये, रेन्झ नावाच्या खेळाडूने आगीच्या मंत्राने थेट राजाला, म्हणजे लॉर्ड ब्रिटिशला मारला. राजाचं कॅरॅक्टर चालवत होता खुद्द गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियट, सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर अमरत्वाचं बटण परत चालू करायला विसरला बिचारा. गेम आल्यावर तर नवीन माणूस गावाबाहेर खाणीवर गेला की मेलाच म्हणून समजा. गावात 'गार्ड्स' असं टाइप केलं की शिपाई येऊन गुन्हेगाराला उडवायचे, पण गावाच्या हद्दीपुरतंच. खुनी लोकांची नावं लाल करून बघितली, बदनामीचे पॉइंट लावून बघितले, पण ज्याला खुनीच म्हणवून घ्यायचंय त्याला लाल नाव म्हणजे मेडलच की.

शेवटी २००० साली कंपनीने आख्ख्या दुनियेच्या दोन कॉप्या केल्या, फेलुका जिथे काहीही चालेल आणि ट्रामेल जिथे तुमच्या परवानगीशिवाय कोणी हात लावणार नाही. लोक धडाधड ट्रामेलला शिफ्ट झाले. अगदी नौपाड्यातून घोडबंदरच्या टॉवरमध्ये जातात तसं, गेटवर वॉचमन, आत गार्डन, आणि वर पुन्हा "आमच्या जुन्या वाड्यात काय मजा होती" हे चालूच. जुने खेळाडू आजही ट्रामेलला शिव्या घालतात. मला दोन्ही बाजू पटतात, पण पैसे भरून रोज मार खायला कोण येणार हा प्रश्न कंपनीपुढे होता आणि त्याला दुसरं उत्तर नव्हतं.

एव्हरक्वेस्टने १९९९ मध्ये सरळ मारामारीवाले सर्व्हर वेगळे ठेवले, त्याच वर्षी आलेल्या ॲशरन्स कॉलने डार्कटाइड हा एक सर्व्हर तसा दिला. २००१ च्या डार्क एज ऑफ कॅमलॉटने तीन राज्यं केली, आपल्यातल्या कोणाला मारायचं नाही, दुसऱ्या राज्याच्यांना मारा आणि देशकार्य म्हणा. ही युक्ती जबरदस्त चालली.

कोरियाची तऱ्हा निराळी. तिथे १९९८ च्या लिनेजपासून पीव्हीपी म्हणजे किल्ला, किल्ला म्हणजे कर आणि कर म्हणजे सत्ता. लिनेज २ मध्ये बार्ट्झ नावाच्या सर्व्हरवर एका बड्या गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या टोळीच्या, युतीने किल्ले आणि शिकारीच्या जागा अशा बळकावल्या की बाकीच्यांना खेळणं मुश्किल, तेव्हा २००४ मध्ये कमी लेव्हलचे हजारो लोक एकत्र येऊन त्यांच्या अंगावर गेले, अंगावर धड चिलखत नाही म्हणून त्यांना चक्क बनियन फौज म्हणायचे. दुसऱ्या सर्व्हरवरचे लोक नवीन कॅरॅक्टर बनवून मदतीला आले. हे कोणी डिझाइन केलेलं नव्हतं, आपोआप झालं.

आपल्याकडे त्याच सुमारास लेव्हल अप नावाच्या कंपनीने रॅग्नारोक या गेमचा इंडिया सर्व्हर आणला होता, त्यातही ठरलेल्या वेळी किल्ल्याची लढाई, आत घुसून एम्पेरियमचा दगड फोडला की किल्ला तुमच्या गिल्डचा. एरवी बाहेर कोणी कोणाला मारू शकायचं नाही. पण आमच्या ठाण्याच्या सायबर कॅफेत राज्य होतं रूनस्केपचं, कारण ते ब्राउझरमध्ये चालायचं आणि कॅफेवाल्या काकांना काही इन्स्टॉल करायला मनवावं लागायचं नाही. तासाला २० रुपये, पीसीच्या मध्ये प्लायवूडचे पार्टिशन, वर कुरकुरणारा पंखा.

रूनस्केपचं वाइल्डरनेस, म्हणजे मारामारी चालणारा उत्तरेकडचा भाग, हा माझ्या मते 'मेल्यावर काय जातं' याचा सगळ्यात हुशार हिशोब. उत्तरेला जितकं आत जाल तितका वाइल्डरनेस लेव्हल वाढतो, पाचव्या लेव्हलला असाल तर तुमच्या स्वतःच्या लढाईच्या लेव्हलपेक्षा पाच वर-खाली असणाऱ्यालाच मारता येतं, तिसाव्याला तीस. मेलात तर सगळ्यात महाग तीन वस्तू तुमच्याकडे राहतात, बाकी मारणाऱ्याच्या. पण तुम्ही आधी हल्ला केलात तर डोक्यावर कवटी येते आणि मग त्या तीनही गेल्या. म्हणजे गुंडगिरी करा, पण सगळं पणाला लावून करा.

२००६ मध्ये मला एकाने गेममध्ये म्हटलं, फुकट रून आर्मर (चिलखत) देतो, माझ्या मागे ये. मी गेलो, येड्यासारखा. हद्द ओलांडून थोडं आत गेल्यावर झाडामागून त्याचे दोन मित्र निघाले. माझी तलवार, ढाल आणि हेल्मेट वाचलं, अंगावरचं चिलखत गेलं, आणि त्याच क्षणी पार्टिशनच्या पलीकडून, दोन पीसी सोडून, कोणीतरी "आला रे आला, उचल उचल!" ओरडलं. उठून बघतो तर क्लासमधला पोरगा. काका काउंटरवरून म्हणाले, भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा, टाइम चालू आहे. चिलखत त्याने दिलं नाही, वडापाव दिला.

पुढे गंमत अशी की वाइल्डरनेसला खेळाडूंनी नाही, गेममधलं सोनं खऱ्या पैशाला विकणाऱ्यांनी मारलं. मुद्दाम मरायचं आणि लूट म्हणून सोनं समोरच्याला द्यायचं, हा त्यांचा डिलिव्हरीचा रस्ता. रूनस्केपवाल्या जॅगेक्स कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये तिथली मारामारी बंद केली, खेळाडूंनी गेममध्येच मोर्चे काढले, आणि मग मतदान घेऊन फेब्रुवारी २०११ ला परत आणली.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. २००४ ला आला तेव्हा साउथशोर आणि टॅरन मिल या दोन गावांमध्ये लोक तासन् तास उगाच लढायचे, मिळायचं काही नाही, जायचं काही नाही, भुताच्या रूपात पळत येऊन परत उभं राहायचं. एप्रिल २००५ ला मारल्याचे ऑनर पॉइंट आले, जूनमध्ये बॅटलग्राउंड, म्हणजे लढाईची वेगळी मैदानं, आणि फुकटातली ती मारामारी हळूहळू ओसरली, कारण पॉइंट दुसरीकडे भराभर मिळायचे. २००७ ला अरीना, म्हणजे छोट्या टीमच्या लढती, आणि बुद्धिबळासारखं रेटिंग. २०१८ ला तर पीव्हीपीचे वेगळे सर्व्हरच गेले, शहरात जाऊन वॉर मोडचं बटण दाबा, नको असेल तर बंद करा. माझ्या हिशोबाने ट्रामेल जिंकला तो इथे.

आणि तरी २०१७ मध्ये बर्लिनच्या एका कंपनीने अल्बियन काढला, निळा, पिवळा, लाल, काळा झोन, लाल-काळ्यात मेलात की सगळं जातं, थोडं तर नष्टच होतं म्हणजे सुतार-लोहारांचा धंदा चालू राहतो, नाहीतर सगळ्यांकडे सगळं साठून बाजार बसेल. २०२१ ला मोबाइलवर आला आणि आमच्या ट्रान्स हार्बर लोकलच्या डब्यापर्यंत पोचला.

हे सगळं त्या पोराला पाठवलं, त्याने दोन दिवस वाचलंच नाही. काल स्टेशनवर भेटला तर फोनवर लाकूड तोडत होता, पिवळ्या झोनमध्ये, तिथे हरलं तरी सामान जात नाही. म्हणाला, "दादा सिस्टीम बसवलीये, ठाण्यापर्यंत पिवळा, घरी वायफायवर काळा."