भाकरी खाल्ली की खाल्लो?

शेजारचा चौथीतला पोरगा परवा वही घेऊन आला. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि मराठी, असा सोलापूरच्या पूर्व भागातला. वहीत 'मी भाकरी खाल्लो'वर लाल फुली होती आणि दोन ओळी खाली 'मी पाणी प्यालो'ला बरोबरची खूण. "काका, पाणी प्यालो चालतंय, मग भाकरी खाल्लो का चालंना?"

प्रश्न रास्त आहे. तेलुगूत 'नेनु रोट्टे तिन्नानु', कन्नडात 'नानु रोट्टी तिंदे'. क्रियापद मुकाट्याने खाणाऱ्याच्या मागे जातं. मराठीत भूतकाळ आला की ते खाद्याच्या मागे लागतं: रामाने भाकरी खाल्ली, रामाने आंबा खाल्ला. शाळेत हा कर्मणी प्रयोग म्हणून आपण घोकलेला असतो. भाषाशास्त्रज्ञ या घडणीला अर्गेटिव्ह म्हणतात. 'राम आला'मधला राम आणि 'आंबा खाल्ला'मधला आंबा एका पंगतीला, बिनप्रत्ययाचे. 'ने' चिकटतो तो फक्त खाणाऱ्याला.

आता मला आवडणारी गोष्ट. विली मायरथालर, वोल्फगांग ड्रेसलर आणि वोल्फगांग वुर्झेल यांनी भाषेतल्या 'नैसर्गिकते'चा सिद्धांत मांडला. मायरथालरचं पुस्तक 1981 चं. त्यांचं मोजमाप बोलणाऱ्या माणसापासून सुरू होतं. त्याच्या जवळचं, नेहमीचं ते सोपं आणि आखूड. आडवळणाचं त्याला जास्तीचं शेपूट. 'पुस्तक' एक, 'पुस्तकं' अनेक. ('हात' मात्र एक असो की दोन, हातच. हा नियम नव्हे, कल आहे.)

या मापाने अर्गेटिव्ह वाक्य जरा उफराटं दिसतं. माणूस कर्ता, तरी प्रत्ययाचं ओझं त्याच्याच पाठीवर. ते उतरवायची सोय काही भाषांनी केलेली आहे, तिचं नाव अँटिपॅसिव्ह.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या ईशान्य भागातली डिरबल भाषा बघा, आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तिचं व्याकरण 1972 मध्ये छापलं. 'ङुमा' म्हणजे बाबा, 'याबु' म्हणजे आई. 'ङुमा याबुंगु बुरान': आईने बाबांना पाहिलं. 'ंगु' हा त्यांचा 'ने'. गंमत पुढे आहे. 'ङुमा बनगान्यु', बाबा परतले, याला नुसतं 'याबुंगु बुरान' जोडलं, तर अर्थ एकच: बाबा परतले आणि आईने बाबांना पाहिलं. जोडणी बिनप्रत्ययाच्या नामावरून होते. मग परतलेल्या बाबांनीच आईला पाहिलं, हे कसं सांगायचं? 'ङुमा बनगान्यु बुरलङान्यु याबुगु'. क्रियापदात 'ङा' घुसला, आईला 'गु' लागला, बाबा मोकळे. हाच अँटिपॅसिव्ह. ओझं नाहीसं झालं नाही, खांदा बदलला. आणि आडवळणाच्या रचनेत क्रियापद लांबलं, हे सिद्धांताला धरूनच. मराठीत असल्या खटाटोपाची गरज पडत नाही. 'बाबा परत आले आणि आईला पाहिलं' म्हटलं की पाहणारे बाबाच. म्हणजे आपला प्रत्यय अर्गेटिव्ह, पण वाक्याची जोडणी कर्त्यावरून.

शिवाय मराठी 'मी', 'तू'ला 'ने' लावतच नाही. मीने, तूने कोण म्हणतं? बोलणारा आणि ऐकणारा हे कर्ते असणारच, मग वेगळी खूण कशाला? डिरबलमध्येही 'आम्ही', 'तुम्ही' यांना 'ंगु' लागत नाही. जुन्या मराठीत मात्र 'मी'चं वेगळं रूप होतं, 'म्यां केलें'. खेड्यात 'म्या केलं' अजून ऐकू येतं.

हे वाचून कुणी 'मराठी अशास्त्रीय, संस्कृत मात्र संगणकाची भाषा, नासाने सांगितलंय' हा मेसेज पाठवू नये. नासाच्या केंद्रातले संशोधक रिक ब्रिग्ज यांनी 1985 च्या लेखात संस्कृत वैयाकरणांच्या वाक्यविश्लेषणाची तुलना संगणकातल्या ज्ञानमांडणीशी केली, इतकंच. नैसर्गिकता म्हणजे श्रेष्ठत्व नव्हे; अवघड रचना मुलं बोलत बोलत शिकतातच.

राहिला पोराचा प्रश्न. पाणी पिणं, धडा शिकणं, नाव विसरणं, यांत परिणाम होतो तो करणाऱ्यावर. धड्याचं काही बिघडत नाही. असा कर्ता 'राम आला'तल्या रामाच्या जवळचा, म्हणून 'राम पाणी प्याला', 'राम धडा शिकला', 'ने'शिवाय. 'जेवला'ही तसाच. मग 'खाल्ला' वेगळा का? पोट तर खाणाऱ्याचंच भरतं! सिद्धांताने बघितलं तर 'खाणं' या गटात शोभलं असतं. प्रमाण मराठीने ते बाहेर ठेवलं आणि पोराने तेलुगूच्या बळावर आत ओढलं.

त्याला एवढं सगळं सांगितलं नाही. 'खाल्ली' लिही म्हटलं. त्याने खोडून लिहिलं आणि आत बघून हाक मारली, "काकू, शेंगाची चटणी द्या की, मी अजून जेवलो नाही."