ज्येष्ठेजवळचे नवजात तारे

ओळखीच्या एका घरी मागच्या महिन्यात मुलगी झाली, ज्येष्ठा नक्षत्रावर. बारसं राहिलं बाजूला, आधी शांत करायची धावपळ सुरू झाली. बाळंतिणीचा चेहरा उतरलेला पाहून मला फार वाईट वाटलं. जन्मनक्षत्र म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र आकाशाच्या ज्या भागात दिसतो तो भाग, एवढंच. त्यात त्या लेकराचा काय दोष? आणि ज्येष्ठेच्या शेजारी तर सतत जन्मच होत असतात.

मे महिन्यात रात्री नवाच्या पुढे, बेळगावचे दिवे मागे टाकून खानापूरच्या बाजूला गेलात की आग्नेयेला तांबूस ज्येष्ठा दिसते. तिच्या किंचित वर, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या अंतरावर, भुजंगधारी तारकासमूहात धूळ आणि वायूचा एक ढग आहे. अंतर चारशे-साडेचारशे प्रकाशवर्षं. सूर्याएवढे आणि सूर्याहून लहान तारे तिथं तयार होताहेत. डोळ्यांना मात्र तिथं काळोखच दिसतो.

हे का, ते मला एका वीटभट्टीपाशी नीट उमगलं. भट्टी बाहेरून मातीनं लिंपलेली, उजेड कुठंच नाही. मी पुढं सरकलो तसा तिथला माणूस म्हणाला, "जवळ जाऊ नका सर, आतनं पेटल्याली हाय." चार पावलांवरूनच गालाला धग लागत होती. मान वळवली की ती दुसऱ्या गालावर. ती धग म्हणजेच अवरक्त किरण.

ढगातल्या धुळीचे कण मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाएवढे, म्हणजे विडीच्या धुरातल्या कणांइतके बारीक. नवजात ताऱ्याचा प्रकाश ते गिळतात, तापतात आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकतात. मोठी नोट मोडून चिल्लर घ्यावी तसं हे आहे. अर्ध्या मायक्रॉन तरंगलांबीचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, मोडला तर १० मायक्रॉनचे २० फोटॉन मिळतात. रक्कम तेवढीच. कोणती चिल्लर मिळणार हे कणाच्या तापमानावर ठरतं. ३००० ला केल्विनमधल्या (सेल्सिअस अधिक २७३) तापमानानं भागा, सर्वांत जोरदार किरणांची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. ५८०० केल्विनचा सूर्य अर्ध्या मायक्रॉनला, ३०० केल्विनची धूळ १० ला, ३० केल्विनची १०० ला.

शिवाय लांब तरंगलांबीचे किरण या बारीक कणांना फारसे अडत नाहीत. ज्या धुळीतून दृश्य प्रकाशाच्या १० कोटी फोटॉनांतला एक बाहेर पडतो, तिच्यातूनच २.२ मायक्रॉनच्या दर आठांतला जवळपास एक निसटतो.

आता खरी गंमत. प्रत्येक तरंगलांबीला किती ऊर्जा येते याचा आलेख काढायचा आणि २ ते २० मायक्रॉनमधला उतार मोजायचा. आलेख चढत गेला तर तारा अजून धुळीच्या दुपट्यात आहे, हा पहिला वर्ग. हळूहळू उतरत गेला, पण नुसत्या ताऱ्याचा उतरतो तितका नाही, तर दुपटं गळून भोवती धूळ-वायूची तबकडी उरली आहे, हा दुसरा. नुसत्या ताऱ्यासारखाच उतरला तर तबकडीही जवळपास संपली, हा तिसरा. ही विभागणी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स लाडा यांनी १९८० च्या दशकात मांडली. दुपट्यात पुरते बुडालेले, म्हणून शून्य वर्गाचे, तारे १९९३ मध्ये त्यात आले.

एका ताऱ्याचं बालपण पाहायला लाखो वर्षं कोण थांबणार? म्हणून डोकी मोजायची. गावात रांगती पोरं किती आणि शाळकरी किती हे मोजलं की रांगण्याचा काळ कळतो, तसंच. २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीनं जवळच्या पाच मोठ्या ढगांत हजारावर असे तारे मोजले. दुसऱ्या वर्गाचा काळ २० लाख वर्षं धरला तर दुपट्यातला काळ सुमारे ५ लाख वर्षं निघतो.

याच ढगाच्या एका भागाचं चित्र जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं जुलै २०२३ मध्ये दिलं. त्यातले रंग डोळ्याला दिसणारे नाहीत, अवरक्त पट्ट्यांना दिलेले आहेत. म्हणून ते चित्र खोटं ठरत नाही, पण "अंतराळाचे खरे रंग" म्हणून फिरवलं जातं तेही बरोबर नाही. त्यात सुमारे ५० कोवळे तारे आहेत आणि काहींपाशी तबकडीची सावलीही दिसते. मुलीच्या आईला मी ते चित्र दाखवलं, आणि चौकटीबाहेर ज्येष्ठा कुठं येते तेही.