मदत-खर्च प्रकटीकरण (नाशिक जिल्हा)

दुष्काळ, गारपीट, अवकाळी पाऊस किंवा पूर यांनंतर वाटलेली शासकीय मदत कोणाला, किती व कशाच्या आधारे दिली, हे लोकांपुढे मांडण्याचे कायदेशीर बंधन. या नावाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. हे बंधन मुख्यतः माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मधून, म्हणजे कार्यालयांनी माहिती स्वतःहून जाहीर करण्याच्या तरतुदीतून, निघते. रोजगाराच्या कामांपुरती त्याला मनरेगाच्या कलम १७ मधील सामाजिक अंकेक्षणाची (ग्रामसभेने कामांचा हिशेब तपासण्याची) आणि अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात पेसा कायदा, १९९६ (तेथील पंचायतींचा कायदा) ची जोड मिळत आली. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४८ ने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीची सोय केली. मात्र खर्चाच्या याद्या गावात लावण्याविषयी ते कलम मौन पाळते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. एक मत तो दुष्काळसंहितेपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातील दुष्काळ-निवारणाच्या नियमावलीपर्यंत, मागे नेते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ मध्ये नमुना संहिता तयार झाली आणि पुढे मुंबई इलाख्याची संहिता आली. मदतकामे, मजुरी व धर्मादाय मदत यांचे नियम तिच्यात होते. परंतु ती प्रशासकीय सूचनावली होती, आणि हिशेब वरिष्ठांकडे जाई, रयतेकडे नव्हे. या मताचे समर्थक १८९६–९७ च्या दुष्काळाकडे बोट दाखवतात. त्या काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि लोकमान्य टिळकांनी संहितेतील तरतुदी मराठीतून गावोगाव पोचवल्या; १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. तथापि हक्क काय आहे हे सांगणे वेगळे आणि पैसा कुठे गेला हे दाखवणे वेगळे. सभेचे काम पहिल्या प्रकारचे होते.

दुसरे मत रोजगार हमी योजनेला आरंभस्थान मानते. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सुरू झालेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप दिले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांत पाझर तलाव आणि खडी फोडण्याची कामे जुन्या माणसांच्या आठवणीत आहेत. या कामांचा कणा म्हणजे हजेरीपट. पण तो मुकादमाच्या आणि कचेरीच्या हाती असे. तो पाहण्याचा नागरिकाचा हक्क नंतरचा.

तिसरे मत राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने घेतलेल्या जनसुनावण्यांना महत्त्व देते. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे पहिली सुनावणी झाली. हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचून दाखवणे ही त्या सुनावण्यांची रीत. कागद आणि गाव समोरासमोर आल्याचे येथे प्रथम स्पष्ट दिसते, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते. महाराष्ट्राने २००० मध्ये केलेला माहिती अधिकाराचा कायदा तोकडा ठरला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला आणि केंद्रीय कायद्यानंतर तो मागे पडला.

कायद्यातील स्थान : माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. त्यांतील अकरावी बाब वितरित रकमांच्या अहवालांची, बारावी अर्थसहाय्याच्या कार्यक्रमांची रीत, रकमा व लाभार्थी यांची. नैसर्गिक आपत्तीची मदत बाराव्या बाबीत बसते का, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. पीकहानीची मदत केंद्राच्या निकषांत ‘निविष्ठा अनुदान’ (बियाणे, खते अशा खर्चासाठीचे अनुदान) म्हणून नोंदलेली आहे. त्यामुळे ती सरळ बसते. पुरात घर, कपडे, भांडी गेल्याबद्दलची मदत मात्र सानुग्रह (अनुदान नव्हे, तर दिलासा म्हणून दिलेली) स्वरूपाची, आणि तेथे अकराव्या बाबीचाच आधार घ्यावा लागतो. बारावी बाब लाभार्थ्यांपुरती आहे. वगळलेल्यांची यादी ती मागत नाही. त्यांच्यासाठी उपयोगी कलम ४(१)(घ) : प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे. याचा वापर व्हावा तितका होत नाही.

जिल्ह्यातील व्यवहार : गारपिटीनंतर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) व ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांचा संयुक्त पंचनामा होतो. ३३ टक्के वा अधिक नुकसान असेल तरच मदत मिळते. २०२२–२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये होते, २ हेक्टरच्या मर्यादेत. राज्याने वेळोवेळी स्वतःचे दर व मर्यादा वाढवल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत निफाडकडील द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, तेव्हा हाच क्रम चालला. यादी मदतवाटपाच्या शासकीय पोर्टलवर चढली की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो. गावात त्याला ‘व्हीके नंबर’ म्हणतात, आणि तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते. पुढे ॲग्रिस्टॅकच्या (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीच्या) शेतकरी ओळख क्रमांकाने ही पायरी बऱ्याच अंशी गाळली. चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणाऱ्या यादीत नाव असले, तरी भांडण बहुधा आकड्यावरून होते : बाग सव्वा एकराची, नोंद वीस गुंठ्यांची. त्याचे उत्तर पंचनाम्यात असते, आणि पंचनामा फळ्यावर नसतो.

पेठ, सुरगाणा व कळवण हे तालुके आणि शेजारच्या काही तालुक्यांचे भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतात. पेसाच्या कलम ४(च) नुसार पंचायतीने केलेल्या खर्चाला ग्रामसभेचे उपयोगिता प्रमाणपत्र लागते. मदतीची रक्कम थेट बँक खात्यात जाते, पंचायतीतून जात नाही. परिणामी ही प्रभावी तरतूद नेमकी येथेच निकामी ठरते.



अलीकडील बदल : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या तरतुदी, मधील सार्वजनिक हिताचा अपवाद वगळला. कलम ८(२) मधील सर्वसाधारण अपवाद (सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते) कायम असल्याने फरक पडणार नाही, असे एक मत आहे. नावानिशी याद्या लावायला कार्यालये कचरतील, ही भीती अधिक रास्त वाटते. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ४ च्या पालनावर माहिती आयोगांनी सतत लक्ष ठेवावे असा आदेश दिला. नाशिक विभागासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ शहरातच आहे. याशिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात.