आधी पोट, मग लोकशाही?

‘गरीब देशाला लोकशाही परवडत नाही, आधी पोट भरा’ हा मेसेज दर निवडणुकीत फिरतो. सोबत चीनचं उदाहरण ठरलेलं.

मग चीनचंच बघू. १९५९ ते १९६१ या काळात तिथं किमान दीड कोटी माणसं उपासमारीनं गेली, आणि धान्याची निर्यात मात्र चालू होती! खालचे अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवत. खोटं उघडं पाडायला ना विरोधी पक्ष, ना स्वतंत्र वर्तमानपत्र.

आता १९७२चा महाराष्ट्र. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली. पण मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, दुपारी सुकडी खायची. हे काही सरकारला पाझर फुटला म्हणून झालं नाही. काम बंद पडलं की तहसीलवर मोर्चा यायचा, विधानसभेत प्रश्न विचारला जायचा. याच अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा आला.

अर्थात, दुष्काळबळी टाळणं वेगळं आणि रोजची भूक मिटवणं वेगळं. इतक्या निवडणुका झाल्या, तरी मेळघाटातलं बालकुपोषण हटलेलं नाही.