लंगडणारा घोडा बांधून का ठेवू नये

लग्नसराईत नागपुरात वरातीची घोडी लंगडायला लागली की दोनच निकाल ऐकू येतात. एक, "पाय गेला म्हणजे घोडा गेला." दुसरा, "खुंट्याला बांधा, चार महिने हलवू नका, आपोआप भरून येईल." पहिला बऱ्याचदा घाईचा असतो. दुसरा मायेपोटी दिलेला असतो, आणि त्यात सुरुवातीचे थोडे दिवसच काय ते खरे आहेत.

घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते खरे तर त्याचे मनगट. त्याखाली मांस जवळपास नाहीच. हाड, कातडी आणि मागच्या बाजूने खुराकडे उतरणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या. घोडा उभा असतो तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर. साडेचारशे-पाचशे किलोंचा हा प्राणी भरधाव निघाला की एका पायावर वजनाच्या दुपटीहून जास्त जोर येतो. त्या क्षणी कातडीलगतची कंडरा ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि पाय उचलताना ती परत देते. घोडा इतक्या कमी कष्टात इतका पळतो, तो यामुळे.

पण सगळे काठावर चाललेले असते. भरधाव धावताना ही कंडरा सोळा टक्क्यांपर्यंत लांबलेली मोजली गेली आहे, आणि प्रयोगशाळेत ती साधारण १२ ते २० टक्क्यांच्या दरम्यान तुटते. शिवाय साठवलेल्या ऊर्जेतली थोडी उष्णतेत जाते. कंडरेत रक्त बेताचेच खेळते, त्यामुळे ती उष्णता आतच कोंडते. धावत्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंशांपर्यंत तापमान नोंदले गेले आहे. मे महिन्यातले नागपूर, तेही पायाच्या आत! वरातीची घोडी भरधाव पळत नाही हे खरे, पण सिमेंट रस्त्यावर एकदा पाय घसरला तरी पुरतो.

तुटलेल्या जागी शरीर घाईघाईने नवे कोलॅजेन, म्हणजे कंडरेचे तंतू ज्याचे बनतात ते प्रथिन, भरते. मूळ कंडरेत पहिल्या प्रकारचे कोलॅजेन असते, जाड आणि एका दिशेने रांगेत लागलेले. डागडुजीचे असते तिसऱ्या प्रकारचे, बारीक आणि वाटेल तसे पसरलेले. वळलेले सूत आणि पिंजलेला कापूस यांत जो फरक, तोच इथे. मग या कापसाचे सूत वळायचे कोणी?

ताणाने. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत आवडणारा भाग हाच. कंडरेतल्या पेशी आपल्या पडद्यातल्या प्रथिनांनी आजूबाजूच्या तंतूंना धरून बसलेल्या असतात. तंतू ओढला गेला की पेशीचा आतला सांगाडाही ओढला जातो, त्याचा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि पेशी पहिल्या प्रकारचे कोलॅजेन जास्त बनवू लागते. त्याच वेळी जुने कोलॅजेन कापणारी विकरेही कामाला लागलेली असतात. गंमत अशी की ताणाखालच्या तंतूला ही विकरे सहज कापू शकत नाहीत, सैल पडलेल्याला मात्र कापतात. म्हणजे ज्या दिशेला भार येतो त्या दिशेचे तंतू टिकतात, आडवेतिडवे हळूहळू नाहीसे होतात. घोडा नुसता उभा ठेवला तर ही निवड नीट होत नाही. भार लवकर आणि जास्त दिला तर कोवळे तंतूच तुटतात.

म्हणून पहिले काही दिवस थंड पाणी, पट्टी आणि आराम. मग लगाम हातात धरून, सपाट व घट्ट जमिनीवर, सरळ रेषेत चालवणे. सुरुवात पाच-दहा मिनिटांची, मग दर आठवड्याला थोडी वाढ. खोल वाळू मऊ वाटते, पण कंडरेला तीच जड जाते. दुडकी चाल सहसा काही महिन्यांनी, आणि पूर्ण वेगाला नऊ महिने ते वर्ष. मधल्या काळात सोनोग्राफीत कंडरेचा आडवा छेद दहा टक्क्यांहून जास्त फुगलेला दिसला, तर व्यायाम एक पायरी खाली आणायचा. घोडा लंगडत नाही म्हणजे बरा झाला, असे नाही.

तापल्या लोखंडाने डाग देण्याची जुनी रीत याच कंडरेसाठी होती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९८३ मध्ये ती तपासली, तर फायदा काही सापडला नाही. डाग दिल्यावर घोडा कित्येक महिने कामातून सुटायचा, श्रेय मात्र लोखंडाला! आज स्टेम सेलच्या, म्हणजे वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, सुईबद्दलही असेच ऐकू येते. तिचा उपयोग होत असेलही, पण पुढचे महिने चालवणे सुईने टळत नाही.

या मुदतीत पाठही ढिली पडते. मणक्यांना चिकटून असलेले खोलवरचे स्नायू सुकतात, आणि ते नुसत्या चालण्याने परतत नाहीत. त्यावर गाजर! घोडा सरळ उभा करून गाजर आधी छातीपाशी, मग पुढच्या पायांच्या मध्ये, मग बरगडीशी आणि मांडीशी न्यायचे, आणि त्याने मान वळवून तिथे काही सेकंद थांबायचे. आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने असे केल्यावर हे स्नायू मोजता येतील इतके जाड झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाय पूर्ण बरा व्हायची वाट न पाहता, पशुवैद्याला विचारून, हे तबेल्यातच सुरू करता येते.