गोबरगॅसचा वास आणि त्याचा कस
‘वास जितका उग्र, तितका गोबरगॅस कसदार’ हा समज चुकीचा आहे, कारण शेगडी जळते ती मिथेनवर आणि मिथेनला मुळात वासच नसतो. सडक्या अंड्यासारखा दर्प असतो हायड्रोजन सल्फाइडचा, जो बर्नर आणि इंजिन गंजवतो. त्याचे प्रमाण नाकाने ठरवणे तर धोक्याचेच. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की काही मिनिटांतच घ्राणशक्ती बधिर होते आणि वास गेल्याचा भास होतो. लेड ॲसिटेट या शिशाच्या क्षाराचा ओला कागद या वायूने काळा पडतो, परंतु ढोबळ अंदाजापलीकडे तो फारसे सांगत नाही. नेमक्या आकड्यासाठी रंग बदलणारी मोजनळी किंवा प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारे यंत्र) यांसारखे साधन लागते.